पिवळ्या धुळीची साक्ष

आमच्या घरात कोणतीही वस्तू तिच्या वरच्या थरावर विश्वास ठेवून घेतली जात नसे. भाजीवाल्याने मांडलेल्या ढिगातली वरची वांगी आई बाजूला सारून मधली उचलायची. कापडाच्या दुकानात घडीच्या बाहेरचा पदर न पाहता आतला पदर उजेडात धरायची. आण्णा, म्हणजे माझे वडील, सांगलीच्या बाजारात एका मोठ्या खरेदीदारासाठी हळद पारखण्याचे काम करीत. पोत्याच्या तोंडाशी चांगली हळकुंडे आणि तळाशी किडकी, हा प्रकार त्यांनी इतक्या वेळा पाहिला होता, की टोकदार पोकळ सळी पोत्याच्या पोटात खुपसून नमुना काढल्याशिवाय ते विक्रेत्याच्या नमस्काराला नमस्कारसुद्धा करीत नसत. हळकुंडाची चकाकी ही त्यांच्या लेखी गुणाची नव्हे, तर संशयाची खूण होती. ‘पॉलिश कुणीबी करतंय,’ ते म्हणत, ‘मोडल्यावर आत रंग कसला हाय ते बघायचं.’ जेवताना हा विषय नेहमी निघे. आम्ही जैन असल्यामुळे आमचे जेवण दिवस मावळायच्या आत होई. बाजारातून घाईने आलेले आण्णा दारातच सदरा झटकून आत येत, पाटावर बसत आणि पहिल्या घासाबरोबर त्या दिवशी कोण कसे फसवू पाहत होते ते सांगू लागत. आमटीचा वास, बाहेर दुचाक्यांचे हॉर्न, आईचा भाकरी थापण्याचा ठेका आणि फसवणुकीच्या नवनव्या तऱ्हा. माझे शिक्षण खऱ्या अर्थाने त्या पाटांवर सुरू झाले, असे मला वाटते.

पुढे मी पदार्थविज्ञान घेतले, तेव्हा आण्णांच्या या वृत्तीला विज्ञानाने अधिकृत मान्यता दिल्यासारखे झाले. प्रत्येक विधानाला पुरावा मागायचा, प्रत्येक मोजमापाची शहानिशा करायची. शेवटच्या वर्षाला असताना मी आणि माझी वर्गमैत्रीण भारती यांनी खेळांसाठीचा संगणक स्वतः जोडायचा ठरवला, त्या वेळी हा दुहेरी वारसा मी पूर्ण ताकदीने वापरला.

भारती जत तालुक्यातली. घरी मेंढरे आणि पावसाच्या भरवशावरची ज्वारी; सीमेजवळचे गाव असल्याने रागावली की तिच्या तोंडून अर्धे वाक्य कानडीत येई. ती वसतिगृहात राहत होती आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे जेवायला यायची. शर्यतीच्या आणि डावपेचांच्या खेळांत तिच्या तोडीचे आमच्या महाविद्यालयात कोणी नव्हते. मात्र ते खेळ ती इतरांच्या संगणकांवर, इतरांच्या वेळेत आणि इतरांच्या उपकारांवर खेळत असे. आम्ही दोघींनी वर्षभर शिकवण्या घेऊन निम्मे-निम्मे जमवले होते. घरी मी ‘प्रकल्पासाठी संगणक हवा आहे’ असे सांगितले.

आण्णांनी माझ्याकडे हळकुंडाकडे पाहावे तसे पाहिले. ‘प्रकल्प कसला?’

‘गणनेचा, आण्णा. त्याला वेगवान ग्राफिक्स कार्ड लागतं.’

‘आणि ती भारती त्यावर मोटारी पळवणार, तो काय प्रकल्प हाय व्हय?’

भारती ताटावरून मान न उचलता म्हणाली, ‘आण्णा, आमी दोघी खेळणार हाय. हिला सांगाय लाज वाटतीय.’

‘मग खेळायला पाहिजे म्हणून सांग की,’ आण्णा म्हणाले आणि विषय संपला. खोटे पकडले गेले की आमच्या घरात शिक्षा नसे. पकडणाऱ्याचे समाधान तेवढे असे.

भागांची निवड करण्यासाठी मी एक तक्ता तयार केला. डावीकडे भागांची नावे: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय, कॅबिनेट, ग्राफिक्स कार्ड. वर रकाने: विक्रेता काय म्हणतो, ते कशावरून म्हणतो, तपासता येते का, आणि शेवटी दहापैकी ‘संशयांक’. आज मी ज्या प्रयोगशाळेत उपकरणांची अचूकता तपासण्याचे काम करते, तिथेही अशाच स्वरूपाचे तक्ते असतात; फक्त शेवटच्या रकान्याला अधिक सभ्य नाव आहे. सांगलीतल्या एका दुकानदाराने आम्हाला सगळे भाग एकत्र घेतल्यास पॉवर सप्लाय ‘भेट’ देऊ केला. मी तो हातात घेतला. अपेक्षेपेक्षा जड होता. जड पॉवर सप्लाय चांगला असतो हे गिऱ्हाइकांना माहीत झाल्यापासून काही बनावट डब्यांत लोखंडाचा तुकडा बसवतात, हे मी वाचले होते. जाळीतून विजेरी मारली, तर आत कशाशीही न जोडलेली एक काळी पट्टी नुसती स्क्रूने आवळलेली दिसली.

‘ही पट्टी कशासाठी आहे?’ मी विचारले.

‘स्थिरतेसाठी, ताई.’

‘भिंतीला टेकवून ठेवलं तर स्थिरता येणार नाही का?’

दुकानदार हसला नाही. भारतीने मला हाताला धरून बाहेर काढले आणि रस्त्यावर येऊन पोट धरून हसली. त्या दिवशी माझी मान ताठ होती. पॉवर सप्लाय आम्ही दुसरीकडून, कारखान्याचे सील शाबूत असलेल्या खोक्यातला, घेतला. बाकीचे भागही एकेक करून आले. आमच्या पुढच्या खोलीत, दाराशेजारच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून आम्ही ते जोडले. उरले ते ग्राफिक्स कार्ड. नवे घेणे शक्य नव्हते, आणि जुन्यांच्या बाजारात संशयांक साताच्या खाली येत नव्हता. आभासी नाणी मिळवण्यासाठी काही लोक अशी कार्डे महिनोन्‌महिने दिवसरात्र तापवतात आणि मग धुऊनपुसून ‘घरगुती वापर’ म्हणून विकतात. म्हणजे पुन्हा तीच पॉलिश केलेली हळद.

तेव्हा भारतीने साताऱ्याचे नाव काढले. तिची आत्या, रुक्मिणीआत्या, साताऱ्यात कणसे सर नावाच्या निवृत्त शिक्षकांच्या घराच्या मागच्या खोलीत राहत होती आणि शिकणाऱ्या मुलांना जेवणाचे डबे पुरवीत होती. सरांनी तिला स्वयंपाकासाठी अंगणातली पत्र्याची शेडही वापरू दिली होती. सरांची मुलगी नोकरीसाठी परगावी गेली होती आणि तिचे कार्ड घरात पडून होते. भारतीने आत्यामार्फत शब्द टाकला, आणि सरांनी विसार न घेता कार्ड पाठवून दिले. सोबत एका ओळीची चिठ्ठी होती: ‘आठ दिवस चालवून पाहा, पटले तर ठेवा.’

‘विसार का घेतला नाही?’ मी विचारले.

‘मी सांगितलं म्हणून.’

‘पण ते तुला ओळखत नाहीत.’

‘आत्त्याला वळखत्यात. आत्त्या मला वळखती. मी तुला वळखती.’ तिने बोटांवर मोजून दाखवले. ‘झालं की.’

मी तक्त्यात लिहिले: विसार घेतला नाही, का? संशयांक सहा.

कार्ड आठवडाभर उत्तम चालले. तापमान दिसावे आणि हात घालता यावा म्हणून कॅबिनेटची बाजू आम्ही उघडीच ठेवली होती. भारती संध्याकाळच्या जेवणाआधी तास-दोन तास शर्यती खेळे. आई स्वयंपाकघरातून ‘अगं, ती गाडी कुणाला तरी घालशील’ असे ओरडे. हळदीच्या हंगामामुळे आण्णांना यायला दिवस मावळायच्या बेतापर्यंत उशीर होई, आणि ते आल्याशिवाय पाने मांडायची नाहीत म्हणून आम्हाला आणखी एक शर्यत मिळे. त्या आठवड्यासारखा आनंद मला त्या वर्षात दुसरा आठवत नाही. आणि नेमके तेच मला खुपत होते. वरून इतके निर्दोष असलेले काही मी न मोडता घेतले, असे आजवर झाले नव्हते.

भारती दोन दिवसांसाठी गावी गेली होती. मी चार स्क्रू काढले आणि पंख्याचे आवरण उचलले. उष्णता बाहेर टाकणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांच्या कडांवर एक पुसट पिवळी साय होती. पांढरा कापूस फिरवला. तो पिवळा झाला. नाकाला लावून पाहिला, तर वास काही आला नाही. मग आईचा धुण्याचा सोडा पाण्यात कालवून एक थेंब कापसावर टाकला. पिवळ्याचे तत्काळ लाल झाले. हळदीचा डाग साबणाने लाल होतो हे आमच्या गल्लीतल्या प्रत्येक धुणे धुणाऱ्या बाईला ठाऊक आहे. मी मात्र तो क्षण एखादा शोध लागावा तसा अनुभवला. साताऱ्यातल्या शिक्षकाच्या मुलीच्या खोलीत हळदीची धूळ कुठून येणार? ती हळदीच्या गोदामातच असते. गोदामात कार्ड कोण चालवेल? ज्याला मोठी जागा, थ्री-फेज वीज आणि कोणाचे लक्ष नसलेला कोपरा हवा असेल, तो. साखळीत एकही दुवा सुटा नव्हता.

भारतीची वाट पाहणे योग्य ठरले असते, हे आज मला दिसते. तेव्हा माझ्याजवळ पुरावा होता, आणि पुरावा हातात असलेला माणूस थांबत नाही. चिठ्ठीमागे नंबर होता. मी फोन लावला.

‘सर, हे कार्ड साताऱ्यातल्या घरात वापरलेलं नाही.’

‘असं?’ पलीकडून शांत, जाड आवाज आला. ‘मग कुठं वापरलंय?’

‘सांगलीतल्या हळदीच्या गोदामात. आत हळद सापडली आहे. मी रासायनिक चाचणी केली आहे.’

तिकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. ‘बाळ, गेल्या सहा वर्षांत मी सांगलीला दोनदा आलो. दोन्ही वेळा लग्नाला.’

‘मग हळद कशी आली?’

‘ते आता तुमच्या शास्त्राला विचारा,’ ते म्हणाले आणि फोन ठेवला. उत्तर नाही, म्हणजे कबुली, अशी मी नोंद केली. संशयांक दहा.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास भारती आली, ती थेट स्टँडवरून. पिशवी खांद्यावर, चपला पायात तशाच.

‘तू सरांना चोर म्हणालीस?’

‘चोर म्हणाले नाही. कार्डाचा इतिहास खोटा आहे असं म्हणाले.’

‘फोनचा स्पीकर सगळ्यांच्या म्होरं चालू हुता. आत्त्या तितंच भाजी निवडत बसली हुती. त्येंनी तिला काय इचारलं ठावं हाय? म्हणाले, रुक्मिणीबाई, तुमची भाची कसल्या माणसांच्यात राहती?’ तिचा आवाज चिरकला. ‘ती दोन दिस त्येंच्या म्होरं गेली न्हाई. शेड काढून घेतली तर वीस डबं कुठं करणार ती? रस्त्यावर?’

आई दारात येऊन उभी राहिली. मी भारतीला म्हणाले, की राग समजू शकते, पण आधी पुरावा पाहा. कापूस, सोडा, लाल रंग हे सगळे मी तिच्यासमोर पुन्हा करून दाखवले. ती पाहत राहिली. कापसाकडे नव्हे, माझ्याकडे.

‘हळद हाय,’ ती म्हणाली. ‘मग?’

‘मग ती साताऱ्यात कुठून आली?’

‘साताऱ्यात कशाला जातीस? ह्या घरात बघितलंस का कवा?’ तिने दाराच्या चौकटीवरून बोट फिरवले. ‘तुमच्यात पाऊल टाकलं की पोत्यात डोकं घातल्यागत वाटतंय. पयल्यांदा आले तवा मला चार शिंका आल्या, काकूंना इचार. अगं, तुझ्या वह्यांला वास हाय, तुझ्या वेणीला वास हाय. वर्गात तू मागं येऊन बसलीस तर मान न वळवता कळतंय मला. सगळ्या वर्गाला कळतंय!’

मी आईकडे पाहिले. तिने मान डोलावली. ‘वीस वर्षं सांगतीय ह्यांना, सदरा गल्लीत झटका म्हणून. दारात झटकत्यात. तू जन्मल्यापासनं त्यात हाईस, तुला कशानं कळंल?’

वैज्ञानिक म्हणून मला आजही सर्वांत जास्त लाज वाटते ती या गोष्टीची. मी तुलनेसाठी दुसरा नमुना घेतलाच नव्हता. मी उठले, नवा कापूस घेतला आणि तो पॉवर सप्लायच्या जाळीवर फिरवला. त्याचे सील मी स्वतः याच खोलीत तोडले होते; तो कोणत्याही गोदामात गेला नव्हता. सोड्याचा थेंब टाकला. आम्ही तिघी त्या कापसाकडे पाहत होतो. तो लाल झाला.

कार्ड पुन्हा उघडून मी नीट पाहिले. पिवळी साय फक्त वर, पंख्याच्या तोंडाशी होती; खाली पट्ट्यांच्या मुळाशी साधी करडी धूळ होती, कोणाच्याही घरात असते तशी. तळातला नमुना मी घेतलाच नव्हता. त्याच वेळी आण्णा सायकल लावून आत येत होते. आईने त्यांना काय घडले ते सांगितले. त्यांनी दोन्ही कापूस उजेडात धरले.

‘रंग चांगला उतरलाय,’ ते म्हणाले. मग माझा चेहरा पाहून त्यांनी ते खाली ठेवले. ‘माल परत करताना मी आधी माझी सळी पुसून बघतो गं. मागल्या पोत्यातलं काय चिकटलंय का म्हणून.’ हे त्यांनी मला कधी सांगितले नव्हते. फसवणाऱ्यांच्या गोष्टी ते रोज सांगत. ही त्यांना सांगण्याजोगी वाटली नसावी.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही साताऱ्याला निघालो. कार्डाचे खोके माझ्या मांडीवर होते. ते मी कापडाने स्वच्छ पुसले होते आणि त्या कापडाचाही मला भरवसा नव्हता. सरांच्या अंगणात रुक्मिणीआत्या मोठ्या पातेल्यात वरण घोटत होती. तिने आमच्याकडे पाहिले आणि पदराने घाम पुसला, पण उठली नाही. सर खुर्चीवर बसून शेंगा सोलत होते. उंच, सडसडीत, चष्म्यावरून पाहणारे.

माझ्याजवळ ठरवून आणलेली वाक्ये होती. त्यांतले पहिलेच बोलले. ‘सर, हळद माझ्या घरची होती.’ नंतर पॉवर सप्लाय, कापूस, आण्णांचा सदरा हे सारे क्रमाने सांगितले आणि शेवटी, आत्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, म्हणाले, ‘भारतीला यातलं काही माहीत नव्हतं. आत्यांनाही नव्हतं. चूक माझ्या एकटीची आहे.’

सरांनी दोन शेंगा सोलल्या. ‘कबूल करायला इतक्या लांब आलात, हे चांगलं केलंत. फोनवरसुद्धा भागलं असतं.’

‘आरोप फोनवर केला होता. म्हणून आले.’

ते पहिल्यांदाच जरा हसले. मग शेडकडे वळून म्हणाले, ‘रुक्मिणीबाई, घोटा की वरण. पोरांची जेवायची वेळ झाली. तुमचं-आमचं काय बिनसलंय?’ पातेल्यात रवी पुन्हा फिरू लागली. माझ्या शेजारी भारतीने सोडलेला श्वास मला ऐकू आला.

‘आणि कार्ड?’ मी विचारले. आजवर पाहिलेल्यांत ते सर्वांत उत्तम होते, आणि आता मला त्याचा तळही ठाऊक होता.

‘कार्ड ठेवून जा,’ सर म्हणाले. ‘राग नाही. पण माझ्या मुलीची वस्तू हाय ती. जिथं तिला रोज चौकशीला उभं राहावं लागंल, तिथं मी पाठवत नाही.’

मी खोके खुर्चीशेजारी ठेवले. आत्याने आम्हाला जेवल्याशिवाय सोडले नाही. तिच्या हातची घट्ट आमटी आणि गरम भाकरी मी खाली मान घालून खाल्ली. निघताना ती भारतीच्या कानाशी काही कानडीत बोलली आणि दोघी माझ्याकडे पाहून हसल्या. काय म्हणाली, ते भारतीने मला अजूनही सांगितलेले नाही.

परतीच्या एसटीत ती म्हणाली, ‘आता कार्ड मी आणणार. कुणाकडनं, कसं, काय इचारायचं न्हाई. तुझा तक्ता पेटीत ठीव.’

‘आणि ते खराब निघालं तर?’

‘तर खराब निघंल.’

तिने तीन आठवड्यांनी एक कार्ड आणले. जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेले, विनाखोक्याचे. एका स्क्रूचे डोके झिजलेले होते, म्हणजे ते आधी कोणीतरी उघडले होते. पंख्याच्या एका पात्याचा रंग इतरांहून किंचित वेगळा होता. पहिल्या दहा सेकंदांत माझ्याजवळ पाच प्रश्न तयार होते, आणि ते पाचही रास्त होते असे माझे आजही मत आहे.

भारती माझ्याकडे टक लावून पाहत होती. पेचकस तिने मुद्दाम माझ्यासमोर, टेबलाच्या मधोमध ठेवला होता.

‘उघडून बघायचं हाय?’

‘नाही.’

‘खोटं बोलतीस.’

‘हो,’ मी म्हणाले, आणि कार्ड मदरबोर्डच्या खाचेवर धरून, खिट्टी बसल्याचा आवाज येईपर्यंत, दोन्ही अंगठ्यांनी सरळ खाली दाबले.